टमटम बदलली, लेथ तिथेच

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेले काही दिवस आपल्या वाचकांच्या पत्रांत विजेची गाडी बरी की पेट्रोलची, यावर भांडण चाललंय. एकाला चोर्ला घाटात बॅटरी संपायची धास्ती, दुसऱ्याला शंभरीपार पेट्रोल परवडत नाही. दोघांचंही बरोबर आहे. पण दोघेही गाडी चालवणारे. मी गाडीच्या पोटातला एक तुकडा करणारा माणूस आहे आणि आमच्या बाजूने कुणीच लिहिलं नाही, म्हणून हा कागद.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझी सहा मशीनची शेड आहे. काम एकच, क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनात पिस्टनची ये-जा फिरण्यात बदलणारा दांडा. फोर्जिंग काळंकुट्ट येतं. आम्ही सेंटर मारतो, टर्निंग करतो, तेलाचं भोक पाडतो, हार्डनिंगला बाहेर पाठवतो. परत आलं की जर्नल आणि पिन, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल जागा, ग्राइंड करून, लॅपिंगने गुळगुळीत करून पार्टीला, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीला देतो. ग्राइंडरवर शेवटचा हात फिरला की पिनमध्ये वरच्या ट्यूबलाइटची कांडी सरळ दिसली पाहिजे. वाकडी दिसली की पीस बाजूला. हे मला १९८६ साली एका म्हाताऱ्या मिस्त्रीने शिकवलं, तेव्हा मी हेल्पर होतो. मायक्रोमीटर त्यानंतर दोन वर्षांनी हातात मिळाला.

आता लाजिरवाणी गोष्ट सांगतो. इतकी वर्षं हे काम केलं, पण माझी क्रँक कुठल्या गाडीत बसते हे मला माहीत नव्हतं. आमच्यासारख्या जॉबवर्कवाल्याला, म्हणजे दुसऱ्याचा माल मजुरीने करून देणाऱ्याला, ड्रॉइंगचा नंबर देतात, टॉलरन्स म्हणजे मापात किती फरक चालेल ते देतात, गाडीचं नाव कोण सांगतो? आम्ही आपले ‘चारशे एकवीस नंबरची क्रँक’ म्हणायचो. २०१८ साली या चारशे एकवीसचे महिन्याला नऊशे पीस जायचे. मग सहाशे झाले. आता साडेतीनशे गेले तर तो महिना चांगला. चौदा माणसं होती, नऊ उरली. पार्टीच्या परचेसवाल्याला गेल्या दिवाळीत खोदून विचारलं तेव्हा कळलं. ही क्रँक जायची डिझेलच्या तीनचाकीत. म्हणजे आपली टमटम!

मग सगळं जुळलं. एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-सहा हे कडक नियम आले आणि डिझेल तीनचाकी महागली. तिकडे विजेच्या रिक्षा वाढत गेल्या. दुचाकीत अजून २०२४-२५ मध्ये विकलेल्या शंभर गाड्यांमागे साधारण सहाच विजेच्या होत्या. पण तीनचाकीत निम्म्याहून जास्त. लोक म्हणतात विजेची गाडी यायला वेळ आहे. दुचाकीवाल्याला असेल वेळ. माझ्या शेडमध्ये ती येऊन पाच माणसं घेऊन गेलीसुद्धा, आणि आम्ही समजत होतो मंदी आहे.

मुलाने दीड वर्षापूर्वी विजेची स्कूटर घेतली. कंपनीच्या कागदावर शंभरावर किलोमीटर, प्रत्यक्षात अनगोळ ते कॅम्प फिरत फिरत पंचाहत्तर-ऐंशी जाते. त्याला साधारण तीन युनिट वीज. चार्जिंगचं रडगाणं मी गात नाही, रात्री घरात लावून ठेवतो, सकाळी भरलेली असते. एका रविवारी मी तिची पॅनेलं उघडली. मुलगा ‘बाबा, वॉरंटी जाईल’ म्हणून ओरडत होता. मला फक्त बघायचं होतं की यात आमच्या उद्यमबागेचं काय आहे. शेडमधला माझा बावीस वर्षांचा जुना ऑपरेटर बैलहोंगलकडचा, कन्नड माणूस, मराठी आमच्यापेक्षा फर्मास बोलतो. त्यालाही बोलावलं होतं. तो खाली बसून डोकावला आणि म्हणाला, “ह्यात आपलं काय हाय ओ, मालक?”

आम्ही दोघांनी मोजलं. क्रँक नाही. कनेक्टिंग रॉड नाही, पिस्टन नाही, लायनर नाही, कॅमशाफ्ट नाही, व्हॉल्व्ह गाइड नाही, फ्लायव्हील नाही, सायलेन्सर नाही. उरलं काय? मोटरचा शाफ्ट, दोन-तीन गिअर, चाकाचा अॅक्सल, ब्रेकची डिस्क. मोटरचं घर आहे, पण ते अॅल्युमिनियमचं. आपल्या फाउंड्र्या बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतणाऱ्या. गंमत बघा, यमनापूरला इंडालचा अॅल्युमिनियमचा कारखाना आला तो आमच्या लहानपणी, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला आम्ही मात्र अजून बीडच ओततो.

माझे मेहुणे संकेश्वरकडे ऊस लावतात. त्यांचं म्हणणं, कशाला घाबरता, इथेनॉल आलंय, इंजिन कुठे जात नाही. खरं आहे, इथेनॉलवर चालणाऱ्या गाडीला क्रँक लागतेच. जुलै २०२४ मध्ये सीएनजीवरची मोटरसायकल आली, तिलाही लागते. हायड्रोजन जाळून चालणारा ट्रक फेब्रुवारी २०२३ मध्ये दाखवला गेला, त्यालाही लागते. ऐकून बरं वाटतं, आणि नेमकं तेच धोक्याचं आहे. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ताकद कमी. मुळात निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला, म्हणजे दहा टक्के इथेनॉलला, जुळवलेल्या मोटारीत वीस टक्क्यांचं ई-२० घातलं तर मायलेज सहा-सात टक्के घटतं, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय. आणि डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका दिवसात आडकाठी आणली, पुढच्या ऑगस्टमध्ये ती उठवली. मेहुण्यांच्या कारखान्याची त्या हंगामात काय धांदल उडाली ते त्यांनीच मला सांगितलंय. पाऊस बरा झाला तर इंजिन वाचणार, असल्या भरवशावर मी वीस लाखांच्या मशीनचं कर्ज काढायचं का?

उलट बाजूही सरळ नाही. विजेच्या मोटरला लागणाऱ्या दुर्मीळ धातूंच्या चुंबकांवर चीनने एप्रिल २०२५ मध्ये निर्यातीचे निर्बंध घातले आणि आपल्याकडचे मोठमोठे कारखानदार धावाधाव करू लागले. म्हणजे उद्या कुठली गाडी चालेल हे दिल्लीतही कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मग उद्यमबागेतल्या माणसाने एकाच गोष्टीवर पोट ठेवू नये, एवढं तरी शहाणपण आम्ही घ्यायला हवं होतं. ते घेतलं नाही, यात चूक आमचीही आहे.

मी प्रयत्न केला. पुण्याच्या एका कंपनीकडून मोटरच्या शाफ्टची चौकशी आली. माझी क्रँक चार किलोची, हा शाफ्ट तळहातावर मावणारा. वाटलं, पोरखेळ आहे. पन्नास नमुने केले, अकरा रिजेक्ट झाले. बेअरिंग बसते ती जागा गोलाईत चार मायक्रॉनच्या आत हवी होती, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माझ्या ग्राइंडरला ते जमतं, पण जमलं की नाही हे मोजायला माझ्याकडे काही नाही. ट्यूबलाइटची कांडी चार मायक्रॉन दाखवत नाही. एप्रिलमध्ये पत्र्याखाली दुपारी मोजलेलं माप आणि पहाटेचं माप यांतच तेवढा फरक पडतो. गोलाई मोजायचं यंत्र आणि तापमान धरून ठेवणारी खोली, दोन्ही मिळून माझ्या शेडपेक्षा महाग. शेवटी कोल्हापूरला जाऊन एकेक पीस पैसे भरून मोजून आणले. जाऊन येऊन सव्वादोनशे किलोमीटर, चार मायक्रॉनसाठी.

विजेच्या गाड्यांसाठी सरकारने पैसे दिले नाहीत असं नाही. २०१९ च्या फेम-दोन योजनेला दहा हजार कोटी, ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्हला १०,९०० कोटी. ते गाडी घेणाऱ्याला, बसला, चार्जिंगला. गाड्या आणि गाड्यांचे भाग बनवणाऱ्यांसाठी २०२१ ची पीएलआय, म्हणजे उत्पादनावर प्रोत्साहन देणारी योजना, २५,९३८ कोटींची. तिच्यात जुन्या भाग-कारखानदाराला दार उघडतं ते समूहाची किमान ५०० कोटींची उलाढाल असली तर. माझी वर्षाची उलाढाल त्यातल्या एका कोटीच्या आसपास घुटमळते. दाराबाहेर उभं राहायचं तरी कुठे, तेही कळत नाही. परिपत्रक कन्नडमध्ये, मशीनचं पुस्तक इंग्रजीत, पोर्टल दोन्हींत, आणि आम्ही विचारतो मराठीत. पण हे रडगाणं जुनं आहे, ते इथे नको.

बेळगावला हे नवीन नाही. गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच गावात सायकलचं दुकान टाकलं. पुढे कडबा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणायचे, लोखंडाने जमिनीत विष पसरेल. नांगर पडून राहिले, पण त्यांनी ते करायचं सोडलं नाही. नंतर नगरपालिकेने वस्तीसाठी जागा रिकामी करायला लावली आणि १९१० मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला गेला. सायकलवरून नांगरावर जायची अक्कल बेळगावात होती. ती जपायला जागा द्यायची अक्कल तेव्हा कमी पडली.

माझं मागणं मोठं नाही. उद्यमबागेत एक मोजमापाची खोली हवी, वातानुकूलित, गोलाई आणि पृष्ठभाग मोजायच्या यंत्रांसकट, पीसमागे पैसे घेणारी. केंद्राच्या लघुउद्योग क्लस्टर (एकाच धंद्यातल्या कारखान्यांचा गट) योजनेत अशा सामायिक सोयीला पैसे मिळतात, आणि फाउंड्रीवाल्यांनी एकत्र येऊन क्लस्टर करून दाखवलंही आहे. इंजिनिअरिंगचं गोगटे कॉलेज उद्यमबागेतच आहे, व्हीटीयू हे तंत्रज्ञान विद्यापीठ मच्छ्याला. तिथल्या पोरांनी आठवड्यातून एक दिवस शेडमध्ये यावं. आम्ही त्यांना ग्राइंडर दाखवू, त्यांनी आम्हाला मोटर उलगडून दाखवावी. माझ्या ऑपरेटरला पन्नाशीत आयटीआयच्या बाकावर बसवू नका, तो बसणार नाही.

दरम्यान सुधारलेले पन्नास शाफ्ट तयार झालेत. सोमवारी पहाटे सहाला तिसऱ्या रेल्वे गेटजवळून कोल्हापूरला मोजायला निघतोय. उद्यमबागेतल्या आणखी कुणाला आपले नमुने मोजून आणायचे असतील तर शनिवारपर्यंत शेडवर आणून द्यावेत, गाडीत जागा आहे. गाडी डिझेलची आहे, हसू नये.

आपला,
एक जॉबवर्कवाला
उद्यमबाग, बेळगाव