मथळ्यात गावाचे नाव कधी येते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोणत्याही जिल्हा आवृत्तीचे पंधरा दिवसांचे अंक समोर पसरावेत आणि फक्त मथळे वाचावेत. खून, चोरी, विषबाधा झाली की गावाचे नाव मथळ्यात ठळक येते. त्याच गावाची पाणी योजना पूर्ण झाली की मथळा आमदारांचा किंवा पालकमंत्र्यांचा होतो आणि गाव खाली बातमीच्या पोटात जाते. बातम्या दोन्ही खऱ्या असतात. पण सोयरीक जुळवताना 'ते गाव होय?' असा जो सूर लागतो, तो अशाच मथळ्यांवर पोसलेला असतो.

यामागे कुणाचा वाईट हेतू नसतो. डमीवर, म्हणजे पानाच्या कच्च्या आराखड्यावर, आधी जाहिराती बसतात. आठ कॉलम रुंद आणि सुमारे 52 सेंटिमीटर उंच पानावर आठ कॉलम × 25 सेंटिमीटरची जाहिरात आली की निम्मे पान संपले. उरलेल्या जागेला रात्री लीड, म्हणजे मुख्य बातमी, हवी असते आणि तेव्हा हाताशी असते ती पोलिस ठाण्याची बातमी, कारण तिच्यात वेळ, ठिकाण, घटना सगळे तयार असते. शाळेची किंवा विकास सोसायटीची बातमी येते ती पाहुण्यांच्या आणि उपस्थितांच्या यादीसह. प्रत्यक्ष काम काय झाले, हे कळायला तीन-चार फोन करावे लागतात आणि पान छपाईला सोडायला अर्धा तास उरला असताना ते कोणी करत नाही. म्हणून गावातल्या अशा कामांच्या बातमीसाठी पान 3 वर उजवीकडे वर दोन कॉलम × 20 सेंटिमीटरची जागा जाहिरातींच्या आधीच राखावी आणि तिचा मजकूर दुपारी चारपर्यंत हातात असावा. ही जागा रोज तीच हवी. आज तिसऱ्यावर, उद्या सातव्यावर, असे झाले तर वाचक शोधणे सोडून देतो.

फोटोंचे तर फारच हाल होतात. फीत कापणारे पंधरा जण तीन कॉलमांत, म्हणजे साधारण 12 सेंटिमीटरमध्ये बसवले तर एकेकाच्या वाट्याला आठ मिलिमीटर येतात. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, त्यामुळे त्या आकारात चेहऱ्याचा काळा ठिपका होतो. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो बहुधा 1600 पिक्सेल रुंद असतो. छपाईला इंचाला 200 पिक्सेल धरले तर तो 20 सेंटिमीटरपर्यंत चालतो, पण त्याच्या रुंदीचा पाव भागच कापून वापरला की जेमतेम सव्वा कॉलम. वार्ताहरांना एवढेच सांगावे की फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे व्हॉट्सॲप तो लहान करत नाही, आणि हार घालतानाचा नको, काम करणाऱ्या दोघा-तिघांचा जवळून काढा.

मराठीची अडचण आणखी वेगळी आहे. एका कॉलमाच्या ओळीत तीन-चार शब्द मावतात. त्यात 'जिल्हाधिकाऱ्यांच्या' आला की दोन्ही कडा जुळवताना उरलेल्या शब्दांत भगदाडे पडतात. अशी बातमी दोन कॉलमांच्या रुंदीत लावावी. दोन ओळींचा मथळा जागेत कोंबण्यासाठी ओळींमधले अंतर कमी केले, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. अशा वेळी अंतर तसेच ठेवावे आणि एक शब्द कमी करावा.

1832 साली 'दर्पण' निघाले तेव्हा इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी उभ्या स्तंभांत होता. पत्र कोणासाठी आहे, हे पान पाहताच कळत होते. आज बातमीच्याच टाइपात आणि बातमीच्याच कॉलमात लावलेली जाहिरात 'जाहिरात' या शब्दाशिवाय छापली जाते, तेव्हा ते कळेनासे होते.

गुन्ह्याच्या बातमीत गाव लपवा, असे आमचे म्हणणे नाही. दूषित पाणी, बंद घाट, बिबट्याचा वावर, अशा वेळी नाव मथळ्यातच हवे, कारण लोकांना सावध करायचे असते. घरगुती भांडणातून झालेल्या मारहाणीत मात्र ते बातमीच्या सुरुवातीला ठिकाणाच्या ओळीत पुरते. आणि गाव समजा वडगाव असेल, तर 'आमदारांच्या हस्ते योजनेचे लोकार्पण' ऐवजी 'वडगावच्या वाडीत नळाला पाणी' असा मथळा द्यावा. लोकार्पण कोणी केले, ते तिसऱ्या ओळीत येऊ द्या.

— पानमांडणीच्या कामातील काही जण, सातारा