बीपी मोजताना हात कुठे असतो?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बीपीवर पेपरमध्ये नेहमी लिहून येतं, मीठ कमी करा, चाला, गोळी चुकवू नका, पण घरी मशीनवर बीपी नीट कसं घ्यायचं हे फारसं कुणी सांगत नाही म्हणून हे पत्र लिहितेय. आईचं बीपी घरी रोज १५०च्या पुढे यायचं, आम्ही सगळे धास्तावलेलो, गोळी वाढवायचं चाललं होतं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरी कसं घेता ते इथे करून दाखवा. आई घ्यायची कसं, तर पलंगाच्या कडेला बसून, पाय लोंबकळत, हात मांडीवर, आणि पट्टा फुगत असताना माझ्याशी गप्पा चालू!

हात टेबलावर टेकलेला हवा आणि दंडावरचा पट्टा हृदयाच्या उंचीला. हात १० सेंटीमीटर खाली राहिला तर आकडा ७-८ ने जास्त येतो, आणि हे मशीन कितीही महागाचं असलं तरी होतंच. पाठ टेकवायची, पावलं जमिनीवर, पायावर पाय नको, ५ मिनिटं शांत बसायचं, बोलायचं अजिबात नाही. आधी लघवीला जाऊन यायचं (हे सांगायला लोक लाजतात पण त्यानेही बीपी वाढतं), आणि चहा, कॉफी, सिगारेट यानंतर निदान अर्धा तास थांबायचं. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, बाहीवर नाही. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या, लहान पट्ट्याने बीपी उगाचच जास्त दिसतं.

अजून एक, बरेच जण चांगला आकडा येईपर्यंत परत परत घेत बसतात आणि तेवढाच लिहून ठेवतात. असं नका करू प्लीज. सकाळी गोळीच्या आधी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून, आणि संध्याकाळी तसंच दोनदा, असं ७ दिवस, येईल ते सगळं लिहायचं. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरच्या मोजणीत ती १३५/८५ किंवा जास्त आली तर बीपी वाढलेलं धरतात, दवाखान्यातला १४०/९० चा आकडा घरी लावायचा नाही.

आईचं आता १३०च्या आसपास येतं, गोळी तीच आहे. पण घरचे आकडे बघून गोळी स्वतःच कमी-जास्त करू नका, वही डॉक्टरांना दाखवा, आणि एकदा मशीनही सोबत न्या, त्यांच्या मशीनशी ताडून बघता येतं.

आपली,
एक वाचक