भालाफेकीच्या निकालात नंबर छापता, तसे मीटर पण छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात क्रीडा पानावर खाली कोपऱ्यात कॉलेजांच्या ॲथलेटिक्स मीटचे निकाल आले होते, त्यात भालाफेक मुली असं लिहून पुढे तीन नावं होती आणि त्यातलं दुसरं नाव माझ्या भाचीचं. घरात सगळ्यांना खूप आनंद झाला, बहिणीने कात्रण कापून देवघराच्या बाजूला चिकटवलं, मी लगेच स्टेटसला ठेवलं. संध्याकाळी पोरगी कदंबाच्या बसमधून उतरून घरी आली, पेपर हातात घेतला आणि पहिल्यांदा हेच विचारलं, "मावशी, ह्यात माझे मीटर कुठे आहेत?"

मीटर नव्हतेच. तिचे नाहीत, पहिल्या आलेल्या मुलीचे पण नाहीत. म्हणून हे पत्र लिहितेय, थोडं लांबलं तरी कृपा करून पूर्ण वाचा.

आपल्या गोव्यात फुटबॉलची मॅच झाली की कोणी कितव्या मिनिटाला गोल मारला, कोणाच्या पासवर मारला, हाफ टाइमला स्कोर काय होता हे सगळं तुम्ही छापता, आणि ते छापायलाच पाहिजे, मी पण वाचते. पण अमका संघ जिंकला एवढंच लिहिलं आणि गोल किती ते लिहिलंच नाही तर वाचक दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला फोन करतील की नाही? भालाफेकीत तर मीटर हीच सगळी मॅच आहे. बाकी काही नसतंच त्यात. पळत येऊन फेकला, टोक जमिनीला लागलं, तिथून आर्कच्या, म्हणजे फेकणाऱ्याने ओलांडायची नसते त्या वाकड्या रेषेच्या, आतल्या कडेपर्यंत किती अंतर, संपलं. नंबर काय, त्या दिवशी समोर कोण होतं त्यावर ठरतो.

हे मी उगाच म्हणत नाही. मी स्वतः १९९८ ते २००१ कॉलेजात भाला फेकायचे. लहानपणी सत्तरी तालुक्यात आजोळी आंबे पाडायला दांडा फेकायचो आम्ही सगळी पोरं, त्यात माझा दांडा सगळ्यात वरच्या फांदीला लागायचा, तिथून हा नाद लागला. माझ्याकडे आज तीन सर्टिफिकेटं आहेत. प्रथम, प्रथम, द्वितीय. एकावर पण मी किती लांब फेकला ते लिहिलेलं नाही. माझा आयुष्यातला सगळ्यात लांब थ्रो तिसऱ्या वर्षी गेला, जेव्हा मी दुसरी आले, कारण त्या वर्षी जिंकलेली मुलगी खरंच भारी होती. पण कागदावर बघितलं तर मी तिसऱ्या वर्षी मागे पडले असंच दिसतं, आणि मी पुढे गेले होते हे दाखवायला आज माझ्याकडे काहीच नाही.

आता नीरज चोप्राचं बघा. त्याचं गोल्ड सगळ्यांना माहिती आहे, पण तो पण कॉलेजचाच थ्रोअर होता, चंदीगडच्या डीएव्ही कॉलेजचा, हे किती जणांना आठवतं. २०१५ ला केरळात नॅशनल गेम्स झाले त्यात तो पाचवा आला होता. पाचवा! म्हणजे आपल्या पद्धतीने निकाल छापला असता तर त्याचं नाव पण आलं नसतं. तरी त्याला पतियाळाच्या नॅशनल कॅम्पला बोलावलं आणि तिथून सगळं बदललं. त्याच २०१५ च्या ऑल इंडिया इंटर-युनिव्हर्सिटी मीटमध्ये त्याने ८१.०४ मीटर फेकला, ८० च्या पलीकडे पहिल्यांदाच, आणि तो कॉलेजच्या पोरांच्या मीटमध्ये. आपल्याकडची मुलं पण ह्याच इंटर-युनिव्हर्सिटीला जातात.

पुढच्या वर्षी, २३ जुलै २०१६ ला, पोलंडमध्ये बिडगोश्चला ज्युनिअर वर्ल्डमध्ये, म्हणजे वीस वर्षांखालच्यांच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये, ८६.४८, ज्युनिअरचं वर्ल्ड रेकॉर्ड. रिओ ऑलिम्पिकची एंट्री ८३ मीटरवर होती, पण तिची मुदत ११ जुलैला संपली होती, म्हणून तो जाऊ शकला नाही. बारा दिवस फक्त. आणि रिओला ब्राँझ गेलं ८५.३८ ला. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की पोटात कसंतरी होतं, पण आकडे होते म्हणूनच कळलं ना की हा पोरगा कुठे पोचला होता.

आणि वरच्या पातळीवर मीटर किती हळू वाढतात ते पण पोरांना दिसलं पाहिजे. २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये नीरजने ८८.०६ फेकला, ९० पार केले मे २०२५ ला दोह्यात, ९०.२३. म्हणजे सात वर्षांत दोन मीटर सतरा सेंटीमीटर. मधे २०१९ ला कोपराचं ऑपरेशन, पूर्ण सीझन घरी. टोकियो ऑलिम्पिकला ८७.५८ ला गोल्ड मिळालं आणि पॅरिस ऑलिम्पिकला त्याच्यापेक्षा जवळजवळ दोन मीटर लांब, ८९.४५ फेकून सिल्व्हर, कारण पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ फेकला. नुसता नंबर बघणारा म्हणणार नीरज खाली आला. तसं काही झालेलं नाही, तो त्या दिवशी टोकियोपेक्षा चांगला होता.

आपली भाला फेकणारी अन्नू राणी, तिचं पण सांगते कारण मुलींचं कोणी बोलत नाही. मेरठजवळच्या गावातली, उसाची कांडी फेकून सुरुवात केली, तिचा नॅशनल रेकॉर्ड ६३.८२ आहे आणि पॅरिसची थेट एंट्री होती ६४. अठरा सेंटीमीटर कमी, एक वीत पण नाही पूर्ण. वर्ल्ड रँकिंगवर गेली शेवटी. एका वितीवर जिथे ऑलिम्पिकची एंट्री अडते तिथे आम्ही कॉलेजात टेप थोडी सैल धरून "साधारण चौतीस लिहा" म्हणतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, एकदा नाही. नियम असा आहे की सेंटीमीटरपर्यंत मोजायचं आणि मधला भाग सोडून खालचा सेंटीमीटर धरायचा, त्याला फार मोठी यंत्रणा लागत नाही, स्टीलची टेप आणि ती ताठ धरणारी दोन माणसं लागतात. २०२३ ला नॅशनल गेम्स आपल्या गोव्यात झाले तेव्हा मी सुट्टी काढून बांबोळीच्या स्टेडियमवर गेले होते, तिथे प्रत्येक थ्रोनंतर बोर्डवर आकडा यायचा आणि लोक आकड्याला टाळ्या वाजवायचे, नंबर काय ते शेवटी कळायचं. माझ्या शेजारी बसलेल्या एका आजोबांना भाल्यातलं काही कळत नव्हतं, पण अर्ध्या तासात ते पण आकडा यायची वाट बघायला लागले. आपल्या लोकांना आवडत नाही असं नाहीये, त्यांना सांगितलंच जात नाही.

लोक म्हणतात गोवा छोटा, इथून कुठे जाणार भाल्यात. मग ग्रेनाडा बघा. कॅरिबियन समुद्रातलं बेट, आपल्या कुळागरात, सुपारीच्या बागेत, असतात तशी जायफळं पिकवणारं, लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत, म्हणजे आपल्या गोव्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा पण कमी. तिथला अँडरसन पीटर्स अमेरिकेत मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटीत शिकायला गेला, २०१८ आणि २०१९ ला तिथली कॉलेज चॅम्पियनशिप जिंकला आणि २०१९ लाच दोह्यात वर्ल्ड चॅम्पियन झाला, ८६.८९, बावीस वर्षं पण पूर्ण नव्हती. २०२२ ला परत वर्ल्ड चॅम्पियन. सप्टेंबर २०२५ च्या टोकियोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये सिल्व्हर त्याचं आणि ब्राँझ कर्टिस थॉम्पसनचं, तो पण त्याच युनिव्हर्सिटीचा. एका कॉलेजची दोन पोरं वर्ल्डच्या स्टँडवर! ब्राँझ ८६.६७ ला गेलं आणि चौथा आला आपला सचिन यादव, ८६.२७, त्याचा तोपर्यंतचा सगळ्यात लांब थ्रो. चाळीस सेंटीमीटरनी पदक गेलं, पण त्या दिवशी तो नीरज आणि अर्शद दोघांच्या पुढे होता. चौथा एवढंच छापलं असतं तर ह्यातलं काय कळलं असतं?

आता भाचीचं. अकरावी-बारावीत ती अठरा वर्षांखालच्या गटात फेकायची, तिथे मुलींचा भाला ५०० ग्रॅमचा असतो, अडतीस मीटरपर्यंत जायचा तिचा. कॉलेजात आली आणि सीनिअरचा ६०० ग्रॅमचा भाला हातात आला, पहिल्याच मीटला ३३. पुढच्याला ३२ आणि काहीतरी. पोरगी घरी येऊन रडली, मला जमत नाही आता, सोडते म्हणाली, आणि तिला कोणी सांगितलंच नव्हतं की वजन बदललं की मीटर पडतातच, सगळ्यांचे पडतात, मुलांचे पण ७०० वरून ८०० ला जाताना पडतात. मी तिला एक साधी वही आणून दिली, तारीख, भाल्याचं वजन, मीटर, आणि शेवटी कोपर दुखतं का हो की नाही. दीड वर्ष झालं, आता ६०० च्या भाल्याने ३६.७० आहे. तुम्ही जो निकाल छापला त्यात ती दुसरी आली आणि हाच तिचा पर्सनल बेस्ट होता, तिच्या डोक्यात तो दिवस जिंकल्याचाच आहे.

कोपराचं मुद्दाम वहीत ठेवलंय. दुसऱ्या वर्षी माझं कोपर दुखायचं, मी कोणाला बोलले नाही, बाम लावून फेकत राहिले, त्या वर्षी पण मी पहिलीच आले त्यामुळे सगळे खूश. पण मीटर पडत होते. कोणी मागच्या वर्षीचा आकडा आणि ह्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवला असता तर लगेच विचारलं असतं की बाई काय होतंय तुला. कॉलेज संपल्यावर सहा महिन्यात मला बादली उचलता येत नव्हती. आजही पावसाळ्यात हात धरतो.

कॉलेजची ही तीन-चार वर्षंच असतात हो. त्या आधी अंग तयार नसतं आणि नंतर नोकरी, लग्न, घर. त्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर ग्राउंडवर चिखल, रन-अपला पाय सरकतो, चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाल्यावर जरा ऊन पडतं तोवर फुटबॉलचा सीझन, भाला फेकायला कोणी उभं करत नाही आणि ते बरोबर पण आहे, खेळणाऱ्या पोरांच्या मधे भाला फेकणं धोक्याचं. म्हणून सकाळी साडेपाचला जातात ही पोरं. भाची आणि अजून दोघं, एकाच्या वडिलांच्या पिकअपमधून, भाला मागे आडवा बांधून. तिघांत मिळून दोन भाले. एवढं करून जो आकडा येतो तो कुठेच लिहिला जात नाही, ना सर्टिफिकेटवर, ना कॉलेजच्या बोर्डवर, ना पेपरात. मग बाहेरच्या एखाद्या कोचला, सिलेक्टरला कसं कळणार की सत्तरीतली एक मुलगी दीड वर्षात चार मीटर वाढली? त्याला दिसणार द्वितीय.

तर माझी तुम्हाला विनंती एवढीच आहे की नावापुढे कंस करून मीटर टाका, भालाच नाही, गोळा आणि थाळी पण, आणि शाळांच्या मीटचं असेल तर भाल्याचं वजन पण. जागा कमी असेल तर फोटोतला एखादा सत्कार कमी करा, मला राग आला म्हणून बोलत नाहीये, खरंच सांगते, त्या सत्काराच्या फोटोत पोरं मागे असतात आणि हारवाले पुढे. जमलं तर पहिल्या तिघांवर थांबू नका, सहा नावं छापा. आणि आयोजकांनी निकाल पाठवताना मीटर पाठवलेच नाहीत तर तुम्ही फोन करून मागा, पेपरवाल्यांनी मागितले की दुसऱ्या वर्षी ते आपोआप टेप ताठ धरतील.

पुढची मीट डिसेंबरात आहे असं भाची म्हणते. मी ग्राउंडवर असणार आहे, वही घेऊन. मुली आणि मुलं दोन्हींचे सगळे थ्रो, फाउल धरून, लिहून घेईन आणि त्याच संध्याकाळी तुमच्या ऑफिसात आणून देईन, साखळीहून पणजीला तसं फार लांब नाही. रिसेप्शनला माझं नाव सांगून ठेवा म्हणजे मला आत सोडतील.

आपली नम्र,
एक वाचक, साखळी