सुवासिक धान: रोवणीची तारीख आणि अंतर

संपादक महोदय,

भंडाऱ्याच्या चिन्नोर या सुवासिक धानाला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हा धानवाल्यांना आनंदच आहे. मी नागपुरात नंदनवनला राहते आणि मौदा तालुक्यातली सासरची शेती स्वतः करते. ओळखीतले लोक घरूनच तांदूळ नेतात. एखाद्या वर्षी विचारणा होते, "ताई, यंदा वास कमी का?" सगळे बियाण्यावर संशय घेतात. रोवणी, म्हणजे रोपांची लावणी, कधी झाली आणि किती अंतरावर झाली, हे मात्र कोणी विचारत नाही.

जुना चिन्नोर हे भारी, म्हणजे उशिरा पिकणारे धान. दिवस लहान होऊ लागले की ते निसवते, म्हणजे त्याची लोंबी बाहेर पडते. रोवणी जुलैत करा की ऑगस्टमध्ये, निसवण्याच्या वेळेत फार फरक पडत नाही. त्यामुळे उशिरा रोवलेल्या धानाला फुटवे करायला दिवस कमी मिळतात. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात २० बाय २० सेंटिमीटर पुरते. ऑगस्ट उजाडला की १५ बाय १५ वर यावे. चौरस मीटरला २५ चुडांच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) जागी ४४ चूड बसतात आणि फुटव्यांची तूट बरीच भरून निघते.

हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या सुवासिक जातींचे तसे नाही. त्या ठरल्या दिवसांत पिकतात. फार लवकर रोवल्या तर दाणा ऑक्टोबरच्या उन्हात भरतो आणि वास उणावतो. त्यांचे पऱ्हे (रोपवाटिकेतली रोपे) थोडे मागून टाकावेत, पण फुलोरा थंडीत सापडेल इतके मागे नाही. मग लोंब्या पोचट राहतात.

खरी अडचण गुत्त्याच्या, म्हणजे ठेक्याने दिलेल्या रोवणीची आहे. भाव एकरावर ठरतो, म्हणून हात घाईने चालतात. बांधाजवळ वीतभर अंतर, बांधीच्या (बांध घातलेल्या वाफ्याच्या) मधोमध हातभर, आणि एकेका चुडात आठ-आठ रोपांचा झुबका. झुबक्याच्या बुडाशी हवा खेळत नाही, तिथेच तुडतुडा ही रस शोषणारी कीड बसते. वरून युरिया पडला की उंच चिन्नोर लोळलाच. चिखलात पडलेल्या लोंबीला ना रंग राहतो ना वास.

मी गाठी मारलेली नायलॉनची दोरी धरते. गाठीपाशी दोन-तीन रोपे, बोटाच्या एका पेराइतकी खोल. दर दहा ओळींनंतर हातभर पट्टी मोकळी. यात बायांचा वेळ जास्त जातो, म्हणून मजुरीही जास्त देते. कंबर त्यांची मोडते, तो त्यांचा हक्कच आहे.

पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे असताना रोवणी व्हायला हवी. पाण्याची वाट पाहण्यात ते चाळीस दिवसांचे झाले, तर दोरी धरूनही उपयोग नाही. म्हणून कालव्याचे पाणी कधी सुटणार, ही तारीख पऱ्हे टाकण्याआधीच गावोगावी जाहीर व्हावी. आणि सुवासिक धानासाठी योजना आखताना बियाण्याबरोबर दोरीवरच्या रोवणीची वाढीव मजुरीही त्यात धरावी, ही विनंती.

— एक धान उत्पादक, नंदनवन, नागपूर