थाई करीचं वाटण घरी करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतली थाई हिरव्या करीची पाककृती वाचली. सुटीत नातवंडं आली की आमच्याकडे पहिली फर्माईश याच करीची असते, म्हणून राहवलं नाही. "विकतची करी पेस्ट दोन मोठे चमचे, नारळाच्या दुधाचा एक डबा, दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर" एवढ्यावर पाककृती संपली आणि वर ठळक अक्षरांत 'शाकाहारी' असं छापलं होतं.

आधी या शब्दाबद्दल. थायलंडमध्ये या वाटणात मीठ घालून आंबवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा घालतात, आणि खारटपणासाठी माशांचा आंबवलेला रस. विकतच्या बऱ्याच पेस्टमध्येही ती कोळंबी असते. सांगलीत जैन, लिंगायत, माळकरी घरं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यातल्या एखादीनं तुमच्या भरवशावर डबा आणला तर? डब्यावरची खूण आणि घटकांची यादी बघून घ्या, एवढी एक ओळ तरी हवीच होती.

आणि पेस्ट विकत आणायची गरजच काय? मी घरगुती मसाले करून देते, त्यामुळे हे माझ्या मनाला फार लागतं. या वाटणाचं बहुतेक सामान आपल्या मंडईतच आहे. गवती चहाची नुसती पाती नकोत, बुडाकडचा पांढरा, जाड दांडा हवा. भाजीवालीला सांगून ठेवलं की ती बुडासकट जुडी आणते. कोथिंबिरीची मुळं आपण कापून टाकतो, थाई बायका तीच वाटणात घालतात. कुलंजन, म्हणजे आल्याच्या जातीचं मूळ, गणपती पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेलं मिळतं. गाणारी मंडळी घशासाठी तोंडात धरतात तेच हे, आणि आमच्या नाट्यपंढरीत ते कुणाला नवं नाही. लाकडासारखं कडक असतं, म्हणून रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं. तिकडच्या लिंबाची जोडपानं इथे सहसा मिळत नाहीत. मी ईडलिंबाची साल वरवर किसून घालते. वास थोडा वेगळा येतो, पण करी बिघडत नाही. तुळस मात्र घालू नका, या करीत सब्जाच्या जातीची पानं असतात. कुंडीत सब्जा लावला की झालं.

भाजी कुठली, हा प्रश्न तर आपल्याला पडूच नये. थाई हिरव्या करीत छोटी गोल वांगी असतात, आणि आपण तर कृष्णाकाठी राहतो.

आता नारळाचं दूध. ते फुटू नये म्हणून आपण जिवाचं रान करतो. इथे उलट आहे. पहिलं घट्ट दूध कढईत घालून मध्यम आचेवर आटवायचं. आधी बुडबुडे मोठे आणि संथ येतात, मग कडेनं चकचकीत तेलाची रेघ दिसते, दूध दाणेदार होतं. त्या तेलात वाटण परतायचं, डोळ्यांत पाणी आणणारा कच्चा वास जाऊन घरभर गवती चहाचा घमघमाट सुटेपर्यंत. मग पातळ दूध, वांगी, मीठ आणि गुळाचा खडा. डब्यातल्या बऱ्याच दुधात ते एकजीव राहावं म्हणून पदार्थ मिसळलेले असतात, त्यामुळे तेल सहजी सुटत नाही आणि वाटण नुसतं शिजतं, परतलं जात नाही. कॉर्नफ्लोअर लावून दाटपणा येईल, चव कुठून येणार?

मुलांना तिखट सोसत नसेल तर लाल करी करावी. भिजवून बिया काढलेली ब्याडगी घातली की रंग येतो आणि जाळ होत नाही. सोबत इंद्रायणीचा भात.

माझी विनंती एवढीच, की परदेशी पदार्थ छापताना मूळ पदार्थात काय असतं ते सांगा, आणि वाटण विकतचं न सुचवता त्याचं प्रमाण द्या. जागा असेल तर चौघांसाठी माझं प्रमाण देते: हिरव्या मिरच्या ८, गवती चहाचे दांडे २, लसूण पाकळ्या ७, लहान कांदे ४, कुलंजनाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, एका जुडीची कोथिंबिरीची मुळं आणि थोडी पानं, भाजलेले धणे १ चमचा, जिरे अर्धा चमचा, पांढरी मिरी पाव चमचा, ईडलिंबाची किसलेली साल चिमूटभर. मीठ घालून आधी कडक जिन्नस खलबत्त्यात कुटावेत, ओले मागाहून. मिक्सर वापरला तर पाण्याऐवजी दोन चमचे घट्ट दूध घालावं. नारळ मोठा एक पुरतो.

आपली,
एक नियमित वाचक,
गावभाग, सांगली