हूक एक हात खाली : ओंडके ओढायला शिकवणाऱ्या काकांना आभाराचे पत्र

आदरणीय काकांना,

सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता, हा अनुभव दोनदा घेतल्यावर आता पत्राचा आधार घेत आहे. ते चारचौघांना वाचता येईल अशा रीतीने लिहीत आहे, कारण लहान ट्रॅक्टरने लाकूड ओढणारे माझ्यासारखे बरेच जण असतील आणि त्यांच्या बाजूला ऐन वेळी तुमच्यासारखे कोणी उभे असेलच असे नाही. तुमचे नाव मात्र मुद्दाम लिहिलेले नाही. तुम्हाला ते आवडले नसते.

वादळात बांधावरची झाडे आडवी झाली, त्यांचे ओंडके कापून झाले आणि ते शेडपर्यंत ओढून आणणे एवढेच काम उरले, तेव्हा अवघड भाग संपला असे मी समजून चाललो होतो. करवत हातात असली की माणूस आपोआप सावध होतो. ओढायचे म्हणजे काय, साखळी बांधायची आणि गिअर टाकायचा. साखळी ड्रॉबारला (ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढीच्या दांड्याला) लावली की ओंडक्याचे तोंड मातीत रुतत होते, म्हणून मी ती वर, टॉप लिंकच्या (अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या) ब्रॅकेटला अडकवली. वरून ओढले की तोंड उचलले जाईल, हा माझा हिशोब होता आणि पहिले दोन ओंडके आलेही तसेच. तिसरा एका तुटक्या खुंटाला अडला. मी इंजिनाचा वेग थोडा वाढवून क्लच सोडला, आणि बॉनेटच्या पुढे एरवी दिसणारा बांध एकाएकी दिसेनासा झाला. पुढचे डावे चाक जमिनीपासून वीतभर वर होते आणि हवेत सावकाश फिरत होते; त्याच्या खाचांत अडकलेला चिखलाचा एक गोळा सुटून खाली पडलेला मला आजही आठवतो. इंजिनाच्या आवाजात तुमची हाक ऐकू येणे शक्यच नव्हते. तुम्ही बाजूने पळत आलात, दोन्ही हात डोक्यावर धरून, आणि ते हात दिसले म्हणून माझा पाय क्लचवर गेला. चाके आपटली, मी जागेवरच राहिलो. त्यात माझ्या प्रसंगावधानाचा काहीही वाटा नाही, हे येथे स्पष्ट लिहून ठेवतो.

त्यानंतर तुम्ही रागावला असता तर मी ते निमूटपणे ऐकले असते. तुम्ही इंजिन बंद करायला सांगितले, हँडब्रेक लावून घेतला, मला खाली उतरवले आणि मडगार्डवर साचलेल्या धुळीत बोटाने हिशोब मांडायला सुरुवात केलीत. माझा ट्रॅक्टर सुमारे १,१०० किलोचा. त्याचा साधारण तिसरा हिस्सा भार पुढच्या चाकांवर आणि पुढच्या-मागच्या आसांतले अंतर १.६ मीटर. म्हणजे पुढची चाके जमिनीवर दाबून ठेवणारा जोर, किलो गुणिले मीटर या मापात, सुमारे ५८७. आता ओंडका अडला आणि साखळीवर ६५० किलोंची ओढ आली, तर ती ओढ जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंचीवर लागली असता ट्रॅक्टर मागे उलथवणारा जोर ५८५ होतो. दोन्ही आकडे धुळीत शेजारी शेजारी लिहून तुम्ही काहीच बोलला नाहीत. मग त्याच ओढीला ड्रॉबारच्या उंचीने, म्हणजे ४० सेंटिमीटरने गुणून २६० लिहिलेत. साखळी तीच, ओंडका तोच. हूक फक्त हातभर खाली आला होता. कितीही समजावून सांगितले असते तरी त्या तीन आकड्यांनी जे पटवले ते पटले नसते.

पुढे तुम्ही जे सांगितलेत ते मी तोवर कोणाकडूनही ऐकले नव्हते. मागची चाके अडली की इंजिन थांबत नाही. चाके फिरवता येत नसतील तर ते ट्रॅक्टरचे धूडच मागच्या आसाभोवती फिरवू पाहते. हूक ड्रॉबारला असेल तर ट्रॅक्टरचे नाक वर जाऊ लागताच ड्रॉबार खाली दबतो, ओढीची उंची कमी होते आणि उलथवणारा जोर आपोआप ढिला पडतो. बहुधा चाके जागेवर घसरून माती उकरतात आणि तेवढ्यावर निभावते. हूक आसाच्या वर असेल तर ही सवलत मिळत नाही. पुढची चाके उचलल्यापासून साधारण पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा कोनाला पोहोचतो की तेथून तो परत येत नाही, आणि दीड सेकंदाच्या आसपास तो पूर्ण उलटून चालकावर येतो. माणसाला धोका कळून पाय क्लचपर्यंत जाण्यात त्यातला बराचसा वेळ जातो. त्यामुळे “तेवढ्यात क्लच दाबू” हा भरवसा धरून कामाला लागण्यात अर्थ नाही. माझा पाय वेळेवर पोहोचला, कारण ओंडका खुंटावरून किंचित सरकला होता आणि ओढ क्षणभर सैल झाली होती. हे तुम्ही मला खुंटावरची सोललेली साल दाखवून सिद्ध केलेत.

ओंडक्याचे तोंड मातीत रुतते ही माझी मूळ अडचण तुम्ही बाजूला सारली नाहीत, याचे मला विशेष वाटते. तोंडाची खालची कड तुम्ही कुऱ्हाडीने तिरपी छाटलीत, होडीच्या नाकासारखी, आणि अर्धी अडचण तेथेच संपली. उरलेल्या अर्धीसाठी हायड्रोलिकच्या खालच्या दोन लिंकांमध्ये (मागे अवजार उचलणाऱ्या दांड्यांमध्ये) आडवी पट्टी बसवून, ती हलू नये म्हणून आधाराचे दांडे लावून, साखळी आखूड धरून तोंड जमिनीपासून वीतभरच उचलायला शिकवलेत. पट्टी आसाच्या वर जाऊ द्यायची नाही, ही त्यातली अट. वीतभर उचलले की ओढ पुष्कळ हलकी होते. त्याहून जास्त उचलून फायदा वाढत नाही, फक्त पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग नावापुरते उरते. पुढच्या चाकांवर एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा राहिला पाहिजे, म्हणून तुम्ही समोर वजने लावून घेतलीत. एखाद्या जाड ओंडक्याला बुंध्याऐवजी शेंड्याकडून धरलेत तेही त्याचसाठी. अडचण आली तर आधी क्लच आणि लगेच हायड्रोलिकची दांडी खाली, म्हणजे ओंडका जमिनीवर बसून स्वतःच ट्रॅक्टर धरून ठेवतो, ही जोडी तुम्ही माझ्याकडून रिकाम्या ट्रॅक्टरवर इतक्या वेळा करून घेतलीत की शेवटी मला कंटाळा आला होता. त्या कंटाळ्याबद्दलही आभार.

रोलबारचा, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणाऱ्या सीटमागच्या चौकटीचा विषय निघाला तेव्हा मात्र मला शरम वाटली. फांद्या अडकतात म्हणून मी तो दुमडून ठेवला होता आणि सीटबेल्ट सीटखाली कोंबलेला होता. तुम्ही कोयता घेऊन वाटेवरच्या फांद्या तोडल्यात आणि रोलबार उभा करून त्याच्या खिळी बसवल्यात. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरांना अशी संरक्षक चौकट सक्तीची केली होती. आणि मी इतक्या वर्षांनंतर, चौकट असूनही, ती दुमडून ट्रॅक्टर चालवत होतो. बेल्ट लावला नाही तर उभ्या रोलबारचाही भरवसा राहत नाही, कारण ट्रॅक्टर कलंडताना चालक बाहेर फेकला जातो आणि बरेचदा नेमका त्या बारखालीच सापडतो. उलट बार दुमडलेला असताना बेल्ट लावणे म्हणजे स्वतःला ट्रॅक्टरशी बांधून घेणे. दोन्ही एकत्र, नाहीतर कामच नको, असे तुम्ही म्हणालात.

वजनाचा अंदाज मी नेहमी लांबीवरून करत असे. ४० सेंटिमीटर जाडीचा, ४ मीटर लांबीचा ओंडका सुमारे अर्धा घनमीटर भरतो आणि ओल्या कडक लाकडाचा असेल तर अर्धा टन. जाडी ६० सेंटिमीटर झाली की तेवढ्याच लांबीचे वजन सव्वादोन पट, म्हणजे टनाच्याही वर. डोळ्यांना तो दीडपटच दिसतो आणि तेथेच फसगत होते. माझ्या ट्रॅक्टरने जे लाकूड ओढू नये ते तुम्ही पावलांनी आणि वितींनी मोजून बाजूला काढलेत आणि खडूने त्यावर फुल्या मारल्यात.

साखळीही तुमचीच होती. मी आणलेला नायलॉनचा दोर तुम्ही हातात घेऊन ताणून पाहिलात आणि परत दिलात; तो रबरासारखा ताणतो आणि तुटला की टोकाच्या लोखंडी हुकासकट गोफणीसारखा मागे येतो. ८ मिलिमीटरची ग्रेड ८० ची (मजबुतीच्या त्या प्रतीची) साखळी सरळ ओढीला २ टन धरते, पण फास करून घातली की ती क्षमता उतरते, म्हणून २ टन हा आकडा डोक्यात ठेवायचाच नाही, हे मी वहीत लिहून घेतले आहे. फास तोंडापासून दीड फुटावर, साखळी खालून काढायला पहारीने माती उकरून केलेली वाट, आणि पहिली ओढ मुंगीच्या चालीने, साखळीची एकेक कडी सरळ होताना दिसेल इतक्या सावकाश. ती ताणली जाताना येणारा बारीक टिकटिक आवाज थांबला की पुढे जायचे. माझ्या हातून अजूनही कधीकधी क्लच लवकर सुटतो, पण तो आवाज मी आता ऐकतो.

उताराबद्दल तुम्ही थोडकेच बोललात आणि मीही थोडकेच लिहितो. आडव्या उतारावरून जायचे नाही. सरळ वर किंवा सरळ खाली. खाली येताना गिअर खालचा, डाव्या-उजव्या चाकांची दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडलेली, क्लचवर पाय नाही, आणि ओंडका पूर्ण जमिनीवर टेकवलेला, म्हणजे तो घासत मागून लगाम धरतो. उचललेला राहिला तर घरंगळून मागच्या चाकावर येतो. ओंडका सोडवायला किंवा बांधायला जाताना नेहमी त्याच्या वरच्या अंगाने. वळणावर ओंडका आतल्या बाजूला झाडतो, तेथे माणूस नको. साखळीला ताण असताना तिच्या दुप्पट लांबीच्या आत कोणीही नको, आणि ट्रॅक्टरवर चालकाशिवाय दुसरे कोणी बसायचे नाही, मग ते हट्ट करणारे मूल असो की मदतीला आलेला मित्र. त्या मित्राची नाराजी तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलीत, हेही मी पाहिले आहे.

एका बाबतीत मात्र माझी तक्रार आहे आणि आभाराच्या पत्रात ती शोभत नसली तरी लिहितो. मला हातमोजे घालायला लावून तुम्ही स्वतः उघड्या हातांनी साखळी हाताळता. तारदोराची तुटकी तार तळहातात शिरलेली खूण तुम्हीच मला दाखवली होती. माझ्याकडे मोज्यांचा दुसरा जोड आहे आणि तो तुमच्या मापाचा आहे.

त्या दिवसानंतर मी एकवीस ओंडके आणले. त्यांतले चार आणायला प्रत्येकी अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला, कारण अडले की मी ओढत बसलो नाही. उतरलो, फास सोडला, पहारीने ओंडका फिरवला आणि पुन्हा बांधला. पुढची चाके एकदाही उचलली गेली नाहीत. दररोज काम सुरू करण्याआधी साखळी हातातून ओढून कडी कडी तपासतो. परवा हुकाजवळची एक कडी बाकीच्यांपेक्षा किंचित लांब झालेली आढळली, म्हणून ती साखळी कामातून काढून खुंटीला टांगली आहे आणि तुमच्यासाठी त्याच जातीची, त्याच जाडीची नवी साखळी आणून ठेवली आहे. ती तुम्हाला घ्यावी लागेल; यावर विषय बदलता येणार नाही.

ओढ्याकाठचा तुम्ही फुली मारलेला जाड ओंडका अजून तेथेच आहे. तो मी तीन तुकड्यांत कापला आहे, त्यांची तोंडे तुमच्यासारखी तिरपी छाटली आहेत आणि वाटेतले दोन खुंट जमिनीबरोबर उतरवले आहेत. जमीन वाळली की त्यांना हात लावणार आहे. त्या दिवशी सवड असेल तर या, आणि मोजे मी सोबत आणतो.

आपला ऋणी,
शेजारच्या बांधावरचा ट्रॅक्टरवाला