सूचना : रविवारच्या बैठकीत 'विक्रांत'

तिकीटसंग्राहक सभासदहो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या जागी जमायचं आहे. विषय जुनी विमानवाहू युद्धनौका 'आयएनएस विक्रांत'.

या जहाजाचा जन्म ब्रिटिशांची 'हर्क्युलिस' म्हणून झाला. १९४३ साली बांधणी सुरू झाली, पाण्यात उतरलं २२ सप्टेंबर १९४५ला, म्हणजे युद्ध संपल्यावर! पुढे ते अर्धवटच पडून होतं. १९५७मध्ये भारताने घेतलं, बेलफास्टला तिरकी धावपट्टी आणि वाफेचं कॅटापुल्ट (विमानाला उड्डाणासाठी वेग देणारं यंत्र) बसवलं आणि ४ मार्च १९६१ला ते नौदलात आलं. निवृत्तीनंतर मुंबईत त्याचं संग्रहालय झालं, ते २०१२मध्ये बंद झालं आणि २०१४मध्ये जहाज भंगारात गेलं. पोरांना घेऊन आपल्यातले बरेचजण तेव्हा तिथे गेलेले आहेत.

१९८४च्या राष्ट्रपतींच्या नौदल पाहणीची चार जोडतिकिटं (एकमेकांना जोडून छापलेली) ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणावीत. चौकडी कृपया सुटी करू नका. मधली छिद्रं आधीच कमकुवत असतात. फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघालं त्या दिवसाच्या शिक्क्याचं पाकीट), जहाजाच्या निवृत्तीच्या सुमाराची पाकिटं, 'फ्लीट मेल ऑफिस, मुंबई' या नौदलाच्या टपाल कचेरीच्या पत्त्याची घरगुती पत्रंही चालतील. मला तर तीच जास्त आवडतात.

तिकिटं धरायचा चिमटा आपापला आणावा. मागच्या वेळी एका पाकिटावर चहाचा गोल उमटला, म्हणून या खेपेला चहा बाहेरच्या ओट्यावर.

— चिटणीस